तीन पायऱ्या खालची खोली

ताई ओठांत टाचण्या धरून बोलायची. साड्यांना फॉल-पिको करायचं काम होतं तिचं, दापोडीत, रुळांना लागून असलेल्या गल्लीत. मशीनवर बसली की चार-पाच टाचण्या ओठांत असायच्याच आणि त्या न काढता ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईशी बोलायची. त्यामुळं तिचं बोलणं जरा दाबलेलं, दातांमागून आल्यासारखं वाटायचं. तिनं टाचण्या काढून हातात घेतल्या की समजायचं, आता काहीतरी गंभीर आहे. मी अकरावीला नापास झालो तेव्हा तिनं टाचण्या काढल्या होत्या. मला कॉलेजात नोकरी लागली तेव्हाही काढल्या आणि मग पदराला डोळे पुसले.

ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. मी तिसरीत असताना आई गेली आणि दोन वर्षांनी वडील. तोवर ताई लग्न होऊन दापोडीला आली होती. वडिलांच्या दहाव्याला ती गावी आली आणि परत निघताना माझे दोन सदरे आपल्या पिशवीत भरले. चुलते म्हणाले, "पाव्हण्यांना विचारलंस का?" ती म्हणाली, "घरी गेल्यावर विचारीन."

दाजी, म्हणजे तिचे यजमान, मूळचे मावळातले. आधी पिंपरीत आणि पुढं चाकणला कंपनीत कामाला. मला दारात बघून ते एवढंच म्हणाले, "आलं का बेनं? बरं झालं. बाजारातनं पिशवी कोण आणणार, असंच झालं व्हतं." पुढची बारा वर्षं मी त्या घरात राहिलो. कधी त्यांनी मला परकं म्हटलं नाही.

घर दोन खोल्यांचं. पुढची खोली गल्लीवर, मागची रुळांच्या अंगाला. मी राहायला आलो तेव्हा दोन्ही खोल्या गल्लीच्या बरोबरीनं होत्या. मग दर चार-पाच वर्षांनी गल्लीत नवा काँक्रीटचा थर पडत गेला. जुना कुणी उकरायचं नाही, त्याच्यावरच नवा. गल्ली वर आली आणि आमचं घर खाली गेलं. पुढच्या खोलीत भर घालून दाजींनी ती वर घेतली, पण मागच्या खोलीचा पत्रा आधीच बुटका. तिथं भर घातली असती तर डोकं आपटलं असतं. म्हणून मागची खोली होती तिथंच राहिली आणि तिच्यात उतरायला तीन पायऱ्या कराव्या लागल्या. मागचं दारही त्याच सुमारास विटांनी बुजवलं, कारण पावसाचं पाणी आत यायचं. खोलीला ना खिडकी ना दार. ताईनं मशीन तिथंच मांडली. दाजी तिसरी पाळी करून आले की दिवसभर पुढच्या खोलीत झोपायचे, मशीनचा आवाज नको. अशी वीस-बावीस वर्षं ती त्या खोलीत ट्यूबलाइटखाली बसली.

मी तोवर लग्न करून कासारवाडीला भाड्यानं राहायला गेलो होतो. कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. एका वर्षी आमच्या सरांनी घरोघरच्या रेडॉनची मोजणी करायचं काम हाती घेतलं. मलाही तोवर रेडॉन म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं. सरांनी सांगितलं ते असं. जमिनीत, दगडात थोडं थोडं युरेनियम सगळीकडेच असतं. त्यातून हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उघड्यावर तो हवेत विरून जातो. पण घर बंद असेल, खाली असेल, जमिनीला भेगा असतील, तर तो आत साठतो. श्वासाबरोबर फुप्फुसात जातो आणि वर्षानुवर्षं गेला तर कॅन्सरचा धोका वाढवतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या घरात तर जास्तच.

"आपला काळा दगड तसा बरा," सर म्हणाले. "ग्रॅनाइटच्या मुलखाएवढा त्रास आपल्याकडे नसावा. पण घर कसं आहे त्यावर बरंच ठरतं. ते बघू."

माझं काम डब्या टांगायचं. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी प्लास्टिकची डबी आणि तिच्यात एक लालसर फिल्मचा तुकडा. ती छतापासून दोरीनं लोंबकळत ठेवायची आणि तीन महिन्यांनी काढून आणायची. मग फिल्म कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुवायची. वायूच्या कणांनी फिल्मवर ओरखडे काढलेले असतात, ते त्या पाण्यात मोठे होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, पावसाच्या थेंबांनी धुळीत पडलेल्या खळग्यांसारखे. ते मोजायचे.

लोकांना घरात डबी टांगू द्या म्हणणं सोपं नव्हतं. कुणाला वाटायचं कॅमेरा आहे, कुणाला वाटायचं महापालिका घरं मोजतेय. म्हणून पहिल्यांदा मी ओळखीची घरं धरली. ताईच्या दोन्ही खोल्यांत दोन डब्या टांगल्या.

"गॅस?" दाजी म्हणाले. "सिलिंडर तर बाहेर हाय की राव."

"तो गॅस नाही दाजी. जमिनीतून येतो तो."

"जमिनीत गॅस आन् आमी सिलिंडरला नंबर लावतोय व्हय!"

ताई हसली, तर तिच्या ओठांतली एक टाचणी खाली पडली. ती शोधण्यात आमचा अर्धा तास गेला.

तीन महिन्यांनी डब्या उतरवल्या. ते थंडीचे महिने होते, घरं बंदच असायची. फिल्म मीच धुतल्या, मोजल्याही मीच. पुढच्या खोलीचा आकडा इतर घरांसारखाच होता. मागच्या खोलीची फिल्म काचेखाली धरली आणि मी थांबलो. खळगेच खळगे. पुन्हा मोजले, मग सरांना दाखवले. आम्ही बघितलेल्या सगळ्या घरांत तो आकडा सगळ्यांत वरचा होता.

सर घाबरवणारे नव्हते. म्हणाले, "एवढ्यानं कुणी उद्या आजारी पडत नाही. पण तिथं दिवसभर बसणारं माणूस असेल तर हे कमी करायला हवं. अवघड नाही ते. हवा खेळू द्यायची, जमिनीच्या भेगा बुजवायच्या. बहिणीला सांगा."

मी सांगितलं नाही.

त्याचं कारण होतं, निदान तेव्हा ते मला कारण वाटलं. ताईच्या मुलीचं, माझ्या भाचीचं, लग्न जमत होतं. मुलाकडचे दोनदा घर बघून गेले होते. मुलाची आई फार चिकित्सक, नळाला पाणी किती वाजता येतं हेही तिनं विचारलं होतं. अशात घरात कॅन्सरचा वायू आहे ही गोष्ट गल्लीत पसरली तर? गल्लीत कुठलीच गोष्ट सरळ पसरत नाही. "त्यांच्या घरात कॅन्सर आहे" इथवर जायला तिला एक दुपार पुरली असती. मी ठरवलं, लग्न होऊ दे, मग सांगू. एवढी वर्षं बसली, अजून थोडे दिवस. आकडा लिहिलेल्या कागदाची घडी करून मी पाकिटात ठेवली. साखरपुड्याला ती माझ्या खिशात होती. हळदीलाही होती. मांडवात ताई मला म्हणाली, "असा काय उतरलाय चेहरा तुझा? लग्न माझ्या पोरीचंय, पाठवणी तुझी असल्यासारखा उभा आहेस."

लग्न झालं, भाची पिंपळे सौदागरला सासरी गेली, मांडव उतरला. तेव्हा कुठं मी कागद काढला. चार महिने झाले होते.

ताईनं टाचण्या काढून मशीनवर ठेवल्या.

"कधीचा आहे हा?"

मी सांगितलं.

"चार महिने खिशात घेऊन हिंडलास?"

"लग्नात विघ्न नको म्हणून..."

"लग्न तिचं होतं. खोलीत मी बसत होते." मग म्हणाली, "मी कुणाला सांगितलं असतं असं वाटलं तुला? तू नापास झालास ते मी कधी गल्लीत कुणाला सांगितलं?"

ती उठून चहा टाकायला गेली. चहा देताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तेवढीच तिची शिक्षा. ती आजही मला पुरून उरते.

दाजींनी मात्र वेळ घालवला नाही. पुढच्या सुट्टीला पहार आणि घण घेऊन ते मागच्या भिंतीपाशी उभे राहिले. आधी दहा वर्षं खिडकी नको म्हणणारे तेच होते, चोऱ्या होतात, धूळ येते, आवाज येतो म्हणून. आता म्हणाले, "धर छिन्नी." आम्ही दोघांनी सकाळपासून ती भिंत फोडली. पहिली वीट पलीकडं पडली आणि खोलीत उजेडाची एक पट्टी आली, तशी ताई पायरीवर उभी राहून ओरडली, "अगं बाई, केवढी जळमटं आहेत इथं!" इतकी वर्षं ट्यूबलाइटमध्ये तिला ती दिसलीच नव्हती. संध्याकाळपर्यंत खिडकी बसली, वर दोन झरोके ठेवले. जमीन आणि भिंत जिथं मिळतात तिथल्या भेगा आम्ही सिमेंटनं भरल्या. दाजी त्या दिवसापासून विडी बाहेर जाऊन ओढायला लागले.

पुढच्या थंडीत मी पुन्हा डबी टांगली. आकडा खाली आला होता, शेजारपाजारच्या घरांएवढा. सरांना मी इतक्या आनंदानं सांगितलं की ते म्हणाले, "पेढे आणा." मी खरंच आणले.

त्यानंतरची वर्षं मला सगळ्यांत जास्त आठवतात. ताईनं मशीन खिडकीपाशी ओढून घेतली. लोणावळ्याकडची लोकल गेली की ती मान वर करायची. हळूहळू तिला गाड्यांतली माणसं ओळखू यायला लागली. सकाळच्या गाडीच्या दारात एक नर्स उभी असायची, पांढऱ्या कपड्यांवर निळा स्वेटर. तिला ताई हात करायची आणि तीही हात करायची. एकमेकींचं नाव त्यांना कधी कळलं नाही. मी शनिवारी कॉलेज सुटल्यावर जायचो. ती मेथीची कोवळी पानं, शेंगदाणे, तिखट आणि कच्चं तेल एकत्र कालवून, सोबत भाकरी द्यायची. मी पायरीवर बसून खायचो, ती मशीन चालवत बोलायची. कोणाच्या सुनेनं काय केलं, कुणाची साडी खरी पैठणी नाही, भाचीचा मुलगा कसा तिच्यावरच गेलाय. खिडकीतून वारा यायचा आणि साड्यांचे पदर हलायचे. मला वाटायचं, मी हिच्यासाठी निदान एवढं तरी केलं.

खोकला सुरू झाला तो खिडकी बसवल्याला नऊ वर्षं झाल्यावर. आधी धुळीचा म्हणून औषध झालं, मग टीबीची तपासणी झाली. टीबी नव्हता. मग छातीचा फोटो, स्कॅन, सुईनं काढलेला तुकडा. डॉक्टर तरुण होती. तिनं आम्हाला खुर्च्या दिल्या आणि मग सांगितलं. ताईनं उभ्या आयुष्यात विडी, मिश्री, तंबाखू, कशालाच हात लावला नव्हता.

मी दुसऱ्याच दिवशी सरांच्या घरी गेलो. सर निवृत्त झाले होते. त्यांना सगळं आठवत होतं, त्या फिल्मसकट.

"सर, त्या खोलीमुळं झालं का हे?"

सरांनी आधी मला बसायला लावलं. मग म्हणाले, "मला माहीत नाही, आणि कुणालाच सांगता येणार नाही. हजारो माणसं घेतली तर धोका वाढतो एवढं सांगता येतं. एका माणसाकडं बोट दाखवून हे ह्यामुळंच, असं नाही सांगता येत. घरात विडीचा धूर होता, लहानपणी चुलीचा असेल, जवळच हायवे आहे. काहीच कारण नसतानाही कॅन्सर होतो."

"मीही त्याच खोलीत बारा वर्षं झोपलोय."

"म्हणून तर म्हणतो. तुम्हाला नाही झालं."

"आणि ते चार महिने?"

"वीस वर्षांपुढं चार महिने..." सरांनी वाक्य पुरं केलं नाही. मी ते स्वतःच्या सोयीनं पुरं करून घेतलं. पण घरी येईपर्यंत ते टिकलं नाही.

रुग्णालयात ताईचं बोलणं मला अनोळखी वाटायचं. ओठांत टाचण्या नव्हत्या, त्यामुळं प्रत्येक शब्द स्वच्छ, मोकळा ऐकू यायचा. तिचा खरा आवाज एवढा बारीक होता हे मला साठीला टेकताना कळलं. एका दुपारी दाजी आणि मी दोघंही तिच्यापाशी होतो. दाजी एकदम म्हणाले, "माझ्या इड्यांनी झालं हे. मला म्हाईत हाय. तीस वर्सं घरात बसून फुकल्या."

मी म्हणालो, "नाही दाजी. मी कागद वेळेवर द्यायला हवा होता."

"न्हाई न्हाई, तुझा काय संबंध? तू पोरगं..."

"दाजी, आकडा मी मोजला होता."

ताई डोळे मिटून पडली होती. तिनं डोळे उघडले. "भांडताय काय दोघं? मी कुणाला विचारलं का?" दम लागला म्हणून थांबली. "तू डबी टांगलीस म्हणून खिडकी झाली. ह्यांनी भिंत फोडली म्हणून झाली. मला नऊ वर्षं उजेड मिळाला. बाकीचं डॉक्टरला कळत नाही, ते तुम्हाला कुठनं कळणार? आता गप बसा. मला झोपू द्या."

दाजी बाहेर जिन्यावर जाऊन बसले आणि ती झोपली.

ती वर्षभर होती. शेवटचे दोन महिने घरी. पलंग खिडकीपाशी लावला होता. एका सकाळी साडेआठच्या सुमारास ती गेली. भाची होती जवळ. मी रिक्षात होतो, फुगेवाडीच्या चौकात अडकलो होतो. पोहोचलो तेव्हा बायका तिचे केस विंचरत होत्या.

आता तीन वर्षं झाली. दाजी लेकीकडं राहतात. घर दिलं विकून. मीही निवृत्त झालो आणि मुलानं फ्लॅट घेतला म्हणून पिंपळे सौदागरला राहायला आलो. सातवा मजला, चहूकडून वारा. इतकं वारं की पडदे बांधून ठेवावे लागतात. शनिवार आला की दुपारी मला घरात थांबवत नाही. बायको म्हणते, फिरून या. मी खाली उतरतो आणि मग कुठं जायचं ते सुचत नाही. मेथीची पानं मी एकदा स्वतः कालवून पाहिली. शेंगदाणे, तिखट, तेल, सगळं तेच. दोन घास खाऊन बाजूला ठेवली.

गेल्या हिवाळ्यात असाच खाली फिरत होतो. आमच्या सोसायटीच्या तळघरात पार्किंग आहे आणि त्याच्या कोपऱ्यात मीटरच्या शेजारी एक खोली. वॉचमनला दिलेली. तो लातूरकडचा, बायको आणि एक तान्ही मुलगी. दार उघडं होतं म्हणून दिसलं. खिडकी नाही, जमिनीला कोपऱ्याकोपऱ्यानं भेगा, आणि बाई मुलीला मांडीवर घेऊन बसलेली. मी तिथंच उभा राहिलो. तिला वाटलं काही हवंय.

मी समितीला पत्र दिलं. बैठकीत सगळं समजावून सांगितलं, हातवारे करून. चेअरमन भला माणूस, पण म्हणाला, "काका, तुम्ही फार विचार करता. त्याची काही तक्रार आहे का?"

"त्याची तक्रार कशी असेल? त्या वायूला वासच नाही."

"मग पुढच्या बैठकीत घेऊ."

"पुढच्या नको," मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण सगळे बघायला लागले. "मी एकदा पुढं ढकललंय हे. मोजून झाल्यावरसुद्धा. आज ठरवा."

मोजणी करायची माझ्याकडे आता सोय नाही. त्या खोलीत आकडा किती होता, मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल. पण दोन महिने मी त्यांच्या मागं लागलो. शेवटी क्लबहाउसच्या मागं सामानाची एक खोली होती, तळमजल्यावर, मोठ्या खिडकीची. तिथलं मोडकं फर्निचर काढून ती त्या कुटुंबाला दिली. तळघरात आता फक्त झाडू आणि नळ्या आहेत.

परवा त्या बाईनं मला हाक मारून चहाला बोलावलं. मी बाहेरच खुर्चीवर बसलो. मुलगी आता रांगते, खिडकीच्या गजाला धरून उभी राहते. बाईनं चहा दिला, दोन पारले बिस्किटं दिली आणि दाराला टेकून विचारलं, "काका, तुमचं इकडं कोण कोण हाय? का सगळे गावाकडंच?"

"मुलगा, सून, बायको," मी म्हणालो. "आणि एक मोठी बहीण आहे. दापोडीला."

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मी दुरुस्त केलं नाही.

"मंग जवळच की," ती म्हणाली. "जात असाल."

"जातो ना," मी म्हणालो. "दर शनिवारी."